दुसऱ्या जागेचा मान

आपल्या घरांतून मुलाच्या भवितव्याचा विचार निघाला म्हणजे बहुधा एकच माप लावलें जातें. तो प्रिन्सिपॉल होईल काय, मुख्य इंजिनियर होईल काय, खात्याचा प्रमुख होईल काय? दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीवर सारा जन्म घालविणारा मनुष्य कोठें तरी कमी पडला, अशी आपली समजूत असते. या समजुतीचा फेरविचार करावयास लावणारें एक चरित्र अमेरिकेंत, आणि तेंही खेळाच्या मैदानावर घडलें आहे. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या फूटबॉल संघांतील बचावाचे शिक्षक मि. बड फॉस्टर यांची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

तिकडील फूटबॉल आपल्या परिचयाच्या फूटबॉलहून निराळा आहे. चेंडू लांबट असतो आणि तो पायांपेक्षां हातांनींच अधिक खेळला जातो. चढाई करणाऱ्या पक्षास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. तें साधलें तर पुन्हां चार प्रयत्न मिळतात, न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चढाईचे अकरा गडी वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, आणि दोहोंचे शिक्षकही वेगळे. या सर्वांवर एक मुख्य शिक्षक असतो. गुण बहुतेक चढाईच मिळविते. बचावाचें काम कांहीं घडूं न देण्याचें; आणि न घडलेली गोष्ट गुणफलकावर लिहिली जात नाहीं.

मि. फॉस्टर केंटकी संस्थानांतील मरे स्टेट विद्यापीठांत बचावाचे गडी होते. १९८१ सालीं मि. फ्रँक बीमर तेथील मुख्य शिक्षक झाले आणि त्याच वर्षीं फॉस्टर त्यांच्या हाताखालीं उमेदवारी करूं लागले. १९८७ सालीं बीमर व्हर्जिनिया टेकला गेले, तेव्हां फॉस्टरही त्यांच्याबरोबर गेले. आरंभींचीं वर्षें खडतर होतीं. १९९२ च्या हंगामांत अकरापैकीं दोनच सामने जिंकतां आले. पुढील वर्षीं मात्र संघ सावरला. १९९५ सालीं बचावाची जबाबदारी फॉस्टर व त्यांचे एक सहकारी यांजकडे मिळून आली, आणि १९९६ पासून ती एकट्या फॉस्टरांची झाली.

याच सुमारास त्या सहकाऱ्याच्या सासूबाईंनीं न्यू जर्सींत एक जुना, ठोके पडलेला पत्र्याचा डबा मिळविला. कोळशाच्या खाणींत काम करणारा एक मजूर त्यांतून आपली भाकरी नेत असे. आपल्याकडे गिरणींतील कामगाराच्या हातीं असतो, तसाच तो डबा! तो बचावाच्या गड्यांचें निशाण झाला. जो उत्तम मेहनत करील त्यानें तो मैदानावर न्यावा, असा परिपाठ पडला. विद्यापीठाचें गांव ब्लॅक्सबर्ग डोंगरांत वसलेलें आणि खाणींचा मुलूख तेथून जवळच. त्यामुळें डब्याचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागला नाहीं.

फॉस्टरांची रीतही या डब्यास शोभणारी होती. देशांतील नामांकित तरुण खेळाडू बहुधा मोठ्या नांवांच्या विद्यापीठांकडे जात. तेव्हां अंगानें मध्यम पण पायांचे चपळ असे तरुण निवडून त्यांस दोनतीन वर्षें कसून तयार करावयाचें, हा त्यांचा क्रम होता. ‘रोव्हर’ व ‘व्हिप’ या त्यांच्या दोन जागा प्रसिद्ध आहेत; तेथील गड्यानें प्रसंगीं पुढें येऊन वाट अडवावी आणि प्रसंगीं मागें धांवून चेंडूचा झेल मोडावा, अशी अपेक्षा असे.

यश आलें, तसें अपयशही आलें. ४ जानेवारी २००० रोजीं राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यांत अखेरच्या चतुर्थांशास आरंभ होतांना व्हर्जिनिया टेक २९-२८ असें पुढें होतें; शेवटीं फ्लोरिडा स्टेटनें ४६-२९ असा विजय मिळविला. पण खचून न जातां काम चालू राहिलें. २००६ च्या हंगामांत साऱ्या देशांत सर्वांत कमी गुण देणारा बचाव त्यांचाच ठरला, आणि उत्तम साहाय्यक शिक्षकास मिळणारें ब्रॉयल्स पारितोषिक त्यांना लाभलें.

लौकरच खेळाहून फार मोठा घाला विद्यापीठावर पडला. १६ एप्रिल २००७ रोजीं त्याच आवारांत एका बंदूकधाऱ्यानें ३२ जणांचे प्राण घेतले. मृतांत भारतांतून गेलेले एक प्राध्यापक होते, आणि मुंबईहून शिकावयास गेलेली एक विद्यार्थिनीही होती. त्या वर्षीं तो डबा ३२ नांवांसह मैदानावर नेण्यांत आला. श्रमाचें निशाण शोकाचें निशाण झालें. त्यावर अधिक लिहिण्याची आवश्यकता नाहीं.

या काळांत अन्यत्र मुख्य शिक्षकाची जागा रिकामी झाली कीं फॉस्टरांचें नांव पुढें येई. तें पद त्यांस कधींच मिळालें नाहीं. २०१५ अखेर बीमर निवृत्त झाले, तेव्हांही मुख्य पदावर बाहेरचे मि. जस्टिन फ्युएंटे आले. नवे मुख्य सहसा आपलीं माणसें बरोबर आणतात. त्यांनीं फॉस्टरांस मात्र ठेवून घेतलें, आणि फॉस्टरही आपल्याहून वयानें लहान मुख्याच्या हाताखालीं पूर्वीच्याच निष्ठेनें राबले.

२०१९ च्या ऑगस्टमध्यें त्यांनीं निवृत्तीचा मनोदय जाहीर केला. नोव्हेंबरांत त्यांच्या गड्यांनीं जॉर्जिया टेक व पिट्सबर्ग या दोन संघांस लागोपाठ एकही गुण मिळूं दिला नाहीं. त्यांतील दुसरा सामना घरच्या मैदानावरील त्यांचा अखेरचा सामना होता. त्यानंतरचे दोन्ही सामने मात्र हातचे गेले, आणि ३१ डिसेंबर रोजीं केंटकीकडून ३७-३० असा पराभव पत्करून ते ३३ वर्षांच्या सेवेंतून मुक्त झाले.

पहिली खुर्ची न मिळतां आणि शेवटचा सामना न जिंकतां संपलेली ही नोकरी! पण तिच्या पहिल्या काहीं वर्षांनंतर, म्हणजे १९९३ पासून फॉस्टर निवृत्त होईपर्यंत, हंगामाअखेरच्या निमंत्रितांच्या सामन्यांत त्यांच्या संघास स्थान मिळालें नाहीं, असें एकही वर्ष गेलें नाहीं. घरोघरीं मुलांच्या नोकरीचा हिशेब मांडतांना खुर्चीचा क्रमांक विचारला जातोच. त्या खुर्चीच्या भरंवशावर किती जण निर्धास्त राहिले, हेंही आमच्या वाचकांनीं एकदां विचारून पाहावें.