खालचा कमावतो, वरचा मिरवतो

रोपवाटिकेत हिरव्या दांड्यावर बसवलेला लाल, पिवळा किंवा केशरी गोळा आपण पाहिला असेल. हल्ली तो भेट म्हणून घरोघरी येतो, दुकानाच्या गल्ल्यावर विराजमान होतो आणि पुष्कळदा वर्षभराच्या आत कुजून जातो. या रोपाची मूळ रचना समजून घेतली, तर ही हानी सहज टळू शकते.

याला मून कॅक्टस म्हणतात. हे एक रोप नसून कलमाने जोडलेले दोन निवडुंग आहेत. वरचा गोळा म्हणजे मूळच्या पॅराग्वे परिसरातील जिम्नोकॅलिशियम निवडुंगाचा वेगळा प्रकार. १९४१ मध्ये जपानमध्ये त्याच्या रोपांत काही लाल रोपे आढळली. त्यांच्यात हरितद्रव्य नव्हते, म्हणून एरवी झाकलेला लाल रंग उघडा पडला; पण त्याच कारणाने त्यांना स्वतःचे अन्नही तयार करता येईना. हिरव्या निवडुंगावर कलम केल्यामुळेच ती जगली. खालचा तिधारी खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या वेलीचा असतो. सांगली-सोलापूरकडे शेतात सिमेंटच्या खांबांवर चढवलेली दिसते, तीच ही वेल.

थोडक्यात, ही भागीदारी आहे. खालचा कमावतो, वरचा मिरवतो. म्हणून निगा राखताना लक्ष खालच्याकडे हवे.

प्रथम प्रकाश. खुंटाला अन्न तयार करण्यासाठी भरपूर उजेड लागतो, तर वरचा गोळा दुपारच्या उन्हात करपतो. यावर मध्यममार्ग म्हणजे पूर्वेची खिडकी: सकाळचे कोवळे ऊन आणि दिवसभर उजेड. अंधाऱ्या कोपऱ्यात गोळ्याचा रंग काही काळ टिकतो, त्यामुळे सारे ठीक असल्याचा भास होतो. परंतु खुंट पिवळसर व बारीक होऊ लागला, की मुद्दलाला हात लागला असे समजावे.

दुसरे पाणी. कुंडी लहान व तळाला भोक असलेली असावी. मातीत निम्मी जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा मिसळावा. माती तळापर्यंत कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे, ते पुरेसे द्यावे आणि ताटलीत साचलेले ओतून टाकावे. कोरडेपणा पाहण्यासाठी लाकडी काडी खोचून पाहावी. ओली माती तिला चिकटते. पाणी गोळ्यावर न ओतता मातीत घालावे, कारण सांध्यात ओल राहिली तर कूज लागते. पावसाळ्यात कुंडी आडोशाला घ्यावी. त्या चार महिन्यांत पाणी फारच क्वचित लागते.

तिसरी गोष्ट किडीची. कोंदट जागी पांढरा, कापसासारखा पिठ्या ढेकूण येतो. तो आल्यावर मारण्यापेक्षा येऊच नये अशी हवेशीर, कोरडी जागा देणे हे आपल्या घरांना अधिक रुचेल. खुंटाला बाजूने फुटवे आले, तर तेवढे काढावेत. अन्यथा अन्न तिकडे वळते.

इतके करूनही ही जोडी कायमची नसते. दोघांच्या वाढीचा वेग वेगळा असल्याने काही वर्षांत सांधा सुटू लागतो. मात्र गोळ्याला बाजूने पिल्ले फुटतात. ती मातीत जगत नाहीत. त्यांना नवा खुंटच द्यावा लागतो. उन्हाळ्याच्या आरंभी, निर्जंतुक केलेल्या धारदार सुरीने खुंटाचा शेंडा व पिल्लाचा तळ सपाट कापावा. दोन्ही कापांच्या मध्यभागी दिसणारी वर्तुळे एकमेकांना भिडतील असे ते बसवून रबरबँडने हलके बांधावे आणि दोन आठवडे सावलीत कोरडे ठेवावे.

रोप विकत घेतानाही हीच दृष्टी ठेवावी. गोळ्याच्या रंगावर न भुलता खुंट घट्ट व हिरवागार आहे का, सांध्याला भेग अथवा काळा डाग तर नाही ना, हे पाहावे आणि मगच पैसे मोजावेत.