बघायला गेले एकाला, दिसला दुसराच

रोहणा हे आर्वी तालुक्यातलं गाव, एकेकाळी पुलगाव-आर्वी शकुंतला रेल्वेच्या अरुंद रुळांवरचं. भोवती कापूस, तूर, सोयाबीन. पऱ्हाटी उपटून वावरं मोकळी झाली की वर्धा जिल्ह्यातल्या अशा गावांतून टेनिस बॉलचे सामने रंगतात. प्रत्येक गावात एखादा पोट्टा असतोच, ज्याच्या चेंडूला शेजारच्या गावचे फलंदाज टरकतात. त्याचं नाव तालुक्यापर्यंत जातं आणि तिथेच थांबतं. विदर्भ क्रिकेट संघटनेचं जामठ्याचं स्टेडियम नागपूरच्या वर्धा रोडलाच आहे, पण त्या रस्त्याने पोराचं नाव आपोआप जात नाही. ते कोणीतरी न्यावं लागतं.

उमेश यादवचं नाव असंच नेलं गेलं. वडील कोळसा खाणीत कामाला, घर खापरखेड्याजवळच्या वलनीत. फौजेत आणि पोलिसांत भरती व्हायचे प्रयत्न फसलेले. विशीला टेकेपर्यंत हा पोरगा टेनिस बॉलनेच खेळत होता. विदर्भ जिमखान्यात आल्यावर लेदरचा चेंडू हातात आला. त्याच्याविषयी कानावर आल्यावर विदर्भाचा तेव्हाचा कर्णधार, ऑफस्पिनर प्रीतम गंधे, याने त्याला पाहिलं आणि एअर इंडियाकडून एका ट्वेंटी-२० स्पर्धेत खेळवलं. गंधेला दिसला तो कच्चा, पण अतिशय वेगवान गोलंदाज. सहापैकी तीन चेंडू जरी यष्ट्यांवर पडले तरी फलंदाजांची धडगत नाही, असा त्याचा हिशेब होता. माझ्या मते पारखी माणसाचं सगळं कसब या हिशेबात आहे. उरलेले तीन चेंडू कुठे जातील याची त्याला धास्ती नव्हती. दिशा शिकवता येते, वेग शिकवता येत नाही.

टेनिस बॉल जेमतेम 58 ग्रॅमचा, लेदरचा 156 ते 163 ग्रॅमचा. हलका चेंडू पळवायचा तर खांद्याचा झटका लागतो. त्याला शिवण नसते, त्यामुळे मनगट ताठ मागे ठेवून शिवण सरळ सोडायची सवय लागत नाही. रन-अपही मनाला येईल तेवढा. त्यामुळे गावच्या मैदानावरचा धावफलक पारख्याच्या फारसा कामाचा नसतो. चार विकेट काढणारा तिथे निव्वळ आडव्या बॅटींवर जगत असू शकतो. बघायचं ते दुसरंच. शेवटच्या पावलाला धाव मंदावते का, पुढचा पाय टेकताना गुडघा वाकतो का, दिवसाच्या तिसऱ्या सामन्यातही हात तितकाच वरून येतो का. हे ओळखायला स्वतः पंधरा-वीस हंगाम मैदानावर काढलेले असतील तर बरं. निवृत्त खेळाडू या कामाला लागतात ते बहुधा म्हणूनच.

3 नोव्हेंबर 2008 रोजी सुरू झालेल्या रणजी सामन्यात उमेश मध्य प्रदेशविरुद्ध पहिल्यांदा उतरला. तीन वर्षांनी तो कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला क्रिकेटपटू झाला.

गंधेने हे काम आपण होऊन केलं. तेच पगारी, नेमून दिलेलं काम व्हावं असा प्रयत्न भारतीय क्रिकेट मंडळाने 2002 मध्ये केला. मुंबईचे क्रीडा पत्रकार मकरंद वायंगणकर यांची कल्पना, दिलीप वेंगसरकर प्रमुख. देशभर माजी खेळाडू नेमले. ज्युनियर आणि स्थानिक सामने बघायचे आणि लेखी अहवाल द्यायचा. त्यांतले एक प्रकाश पोद्दार, बंगालचे माजी कर्णधार, कसोटीचं दार ज्यांच्यासाठी कधीच उघडलं नाही असे फलंदाज. वेंगसरकर सांगतात ती हकीकत अशी: पोद्दार जमशेदपूरला 19 वर्षांखालील मुलांचा सामना बघायला गेले होते. शेजारच्या कीनन स्टेडियममधून चेंडू सारखा बाहेर येत होता. कोण मारतंय म्हणून ते डोकावले, तर महेंद्रसिंग धोनी. अहवालात त्याची ताकद आणि धावा पळण्यातली चपळाई आली, तशीच तंत्रातली आणि यष्टिरक्षणातली उणीवही. खरी अडचण वयाची होती. योजना एकोणिशीच्या आतल्या मुलांसाठी, धोनीने एकविशी गाठलेली. वेंगसरकरांनी नियम बाजूला ठेवला. बघणाऱ्याइतकंच श्रेय मी त्याचं ऐकणाऱ्याला देईन, कारण चांगले अहवाल फाइलीत कुजवण्याची आपली परंपरा दांडगी आहे.

बर्फावरच्या हॉकीत हा व्यवसाय कितीतरी जुना. तिथे उत्तर अमेरिकेतले क्लब जगभर माणसं ठेवतात. डेट्रॉइट रेड विंग्जचा स्वीडनमधला माणूस हाकान अँडरसन, पूर्वी मासेमारीचा वाटाड्या. तो मॉस्कोत गेला होता दिमित्री कालिनिन हा बचावपटू बघायला. नजर अडकली ती समोरच्या संघातल्या एका लहानखुऱ्या पोरावर, पावेल दात्सुकवर. क्लबांनी केलेल्या नव्या खेळाडूंच्या 1998 च्या निवडीत कालिनिन 18 वा गेला, बफेलोकडे. दात्सुकला डेट्रॉइटने 171 वा घेतला. 2002 आणि 2008 मध्ये स्टॅनले कप जिंकणाऱ्या संघांत तो होता.

जमशेदपूर काय, मॉस्को काय, हे योगायोग म्हणून सांगितले जातात. मला ते पुरतं पटत नाही. मैदानावर जायचं तिकीट कोणीतरी काढून दिलेलं होतं, म्हणून योगायोग घडला. घरी बसलेल्याला तो भेटत नाही. मंडळातली सत्ता बदलली आणि वेंगसरकरांचा तो विभाग गुंडाळला गेला. पुढे आयपीएलच्या संघांनी स्वतःची पारखी माणसं ठेवली, पण त्यांना हवा असतो येत्या मोसमात चालणारा खेळाडू. विशीतला, अजून लेदर बॉल न धरलेला पोरगा त्यांच्या हिशेबात सहसा बसत नाही.

विदर्भाने मात्र त्या एका पोराचं व्याज वसूल केलं. जानेवारी 2019 मध्ये वायनाडच्या रणजी उपांत्य सामन्यात उमेशने केरळविरुद्ध 48 धावांत 7 आणि 31 धावांत 5 बळी घेतले. पुढे अंतिम सामना जिंकून विदर्भाने सलग दुसऱ्यांदा रणजी करंडक पटकावला. 57 कसोटींत त्याचे 170 बळी आहेत. पोद्दार डिसेंबर 2022 मध्ये गेले. त्यांच्या निधनाच्या बातम्यांत धोनीचं नाव आधी आलं, त्यांची स्वतःची प्रथम श्रेणीतली 11 शतकं नंतर.