आजी जागी होते तेव्हा

भयकथा वाचताना आपण घाबरतो ते भूत दिसलं म्हणून नव्हे. लेखकाने आपल्याला पात्राच्या मनात नेऊन बसवलेलं असतं, म्हणून. माडीवर काही वाजलं की ते आपण त्याच्याच कानांनी ऐकतो आणि त्याच्याइतकेच चुकीचे तर्क करतो. कॅमेऱ्याला हे जमत नाही. त्याला चेहरा दिसतो, भिंत दिसते, अंधार दिसतो. मन दिसत नाही. म्हणून भयकथेचा सिनेमा करताना सोपी वाट एकच उरते: राक्षस दाखवा, आवाज वाढवा.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुम्बाड’ (2018) या अडचणीतून कसा सुटला, ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. सिनेमा हिंदी, पण मूळ बीज नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेचं. आणि त्या कथेमागे स्टीफन किंगची ‘ग्रॅमा’. नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलेलं.

पहिल्या भागात आई जखमी धाकट्याला घेऊन बाहेर पडते. लहानगा विनायक साखळदंडाने बांधलेल्या म्हातारीपाशी एकटा राहतो. तिला भरवायचं काम त्याच्यावर आहे आणि ती जागी झाली तर हस्तर या राक्षसाचं नाव घेऊन तिला पुन्हा झोपवायचं आहे. इथे भीती म्हातारीच्या चेहऱ्यात कमी, त्या कामात जास्त आहे. जबाबदारी मोठ्या माणसाची, खांदे पोराचे. ते नाव त्याच्या तोंडून वेळेवर निघेल का, याच्यावर आपला जीव टांगलेला असतो. मनातली भीती दिग्दर्शकाने अशी हातापायांत उतरवली. (म्हातारीच्या मेकअपखाली मोहम्मद समद हा पोरगेलासा नट आहे, पुढे विनायकचा मुलगा पांडुरंगही तोच.)

मग मोठा झालेला विनायक मोहरांसाठी परततो, हस्तर समोर येतो, आणि तिथे खरी परीक्षा. तो आमिष म्हणून ठेवलेल्या पिठाच्या बाहुलीवर तुटून पडतो, तेवढ्यात विनायकने त्याच्या लंगोटीतल्या मोहरा ओढून घ्यायच्या. हे दृश्य डोळे दिपवणारं आहे, पण त्याची रचना पाहा. किती वेळ थांबायचं, हे विनायकच्या हावेवर ठरतं. आणखी एक मोहर हवी असेल तर आणखी एक क्षण. राक्षस धोकादायक आहेच, पण घड्याळ लोभाच्या हातात आहे. म्हणून इथे देखावा आणि मन वेगळे काढता येत नाहीत.

शेवटी बापलेक पुष्कळ बाहुल्या घेऊन उतरतात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. माझ्या मते सिनेमा इथे थोडा घसरतो. एक हस्तर अंगावर आला की आपण विनायकच्या बोटांकडे पाहतो. घोळका आला की फक्त पळापळ पाहतो. सिनेमा पुन्हा जमिनीवर येतो तो राक्षसामुळे नाही, तर बापाने समोर धरलेली लंगोटी पांडुरंग नाकारतो म्हणून.

पंकज कुमार यांचं छायाचित्रण आणि कोकणातला खरा पाऊस यांची स्तुती पुष्कळ झाली, ती रास्तच आहे. पण बर्वे यांचं मोठं काम रूपांतराचं आहे, आणि त्याबद्दल मराठीत फार कमी बोललं गेलं. धारपांच्या आणि रत्नाकर मतकरींच्या कितीतरी कथा अजून पडद्याची वाट पाहत आहेत. त्या हाती घेणाऱ्यांनी राक्षसाचं चित्र काढायला बसण्याआधी त्याच्यासमोर उभ्या माणसाला नेमकं काय हवं आहे, ते लिहून काढावं.