आश्विनातले पाहुणे

मैत्रिणींनो, इंग्रजीच्या पुस्तकात ‘ऑटम’ आला की वर्गात माझी मोठी पंचाईत होते. तिथं पानं पिवळी होऊन गळतात, मुलं गरम कोट चढवतात. आणि आमच्या वाशिमला? पाऊस ओसरतो न ओसरतो तो आश्विनातलं कडक ऊन डोक्यावर हजर! आपली पानगळ व्हायची ती होळीच्या सुमाराला. मग ऋतू बदलला हे मुलांनी ओळखायचं तरी कशावरून? मी त्यांना सांगते, झाडांकडे नका बघू, विजेच्या तारांकडे बघा. गच्चीच्या कठड्याकडे बघा.

तुम्ही म्हणाल, पक्षी बघायला इथं वेळ कुणाला आहे! नवरात्र तोंडावर आलेलं, माळे झाडायचे, पावसाळ्यात दमट झालेल्या गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवायचं, डाळी वाळत घालायच्या. पण अहो, ही सगळी कामं गच्चीतली नि अंगणातलीच की! त्यासाठी दुर्बीण नको, जंगलात जायला नको. डाळ पसरता पसरता मान वर केली तरी पुरतं.

पहिला पाहुणा येतो तो धोबी, म्हणजेच परीट. चिमणीपेक्षा सडपातळ, लांब शेपटीचा, आणि ती शेपटी सारखी वरखाली चाललेली, जणू दगडावर कपडे आपटतोय. सप्टेंबर-ऑक्टोबरात एके सकाळी तो ओल्या अंगणात तुरुतुरु पळताना दिसतो. पोटाकडे पिवळा असेल तर करडा धोबी, काळा-पांढरा असेल तर पांढरा धोबी. हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडच्या मुलुखातून हे पाखरू आपल्या अंगणात येतं. वजन म्हणाल तर चार-पाच चमचे साखरेएवढं! मात्र डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असलेला थोराड काळा-पांढरा धोबी दिसला तर त्याला पाहुणा समजू नका हं. तो कवड्या धोबी, आपल्याकडे बारमाही राहणारा. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी खेड्यातल्या. त्यांना ह्यातलं पुस्तकी काही ठाऊक नाही, पण धोबी दिसला की म्हणतात, “बाई, आता थंडी आलीच समजा.”

कुणी येतं तसं कुणी जातंही. मृगाच्या आगेमागे येणारा चातक ह्याच दिवसांत आफ्रिकेकडे परततो, आणि त्याची अंडी-पिल्लं सांभाळण्याचं काम बिचाऱ्या सातभाईंनी केलेलं असतं. कोकीळ गप्प होतो. दयाळाची ती सुंदर शीळही थांबते.

सुगरणीचे खोपे आता रिकामे होऊ लागलेले असतात. बायकांच्या कौतुकाचा हा पक्षी, पण खरी गोष्ट ऐकून हसाल. खोपा विणतो नर! अर्धा विणून झाला की मादी येऊन तपासणी करते. पसंत पडला तर पुढची नळी विणून तो पुरा करायचा, नाही तर मेहनत फुकट. मादीनं आतून अस्तर लावायचं, अंडी उबवायची, आणि तोवर हे महाशय दुसरीसाठी दुसरा खोपा विणायला मोकळे! तात्पर्य तुमचं तुम्ही काढा. सांगायचं एवढंच, की दिवाणखान्यात टांगायला म्हणून कुणी खोपे तोडून आणून देत असेल तर घेऊ नका. उशिराची पिल्लं आत असू शकतात.

सासूबाईंच्या लहानपणी ह्या दिवसांत मळ्यात माळा घालून, हातात गोफण घेऊन ज्वारी राखायला बसावं लागे. कणसांवर पोपट नि भोरड्या तुटून पडायच्या. भोरडी म्हणजे गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची मैना. मध्य आशियाकडून हजारोंच्या थव्यांनी येते. आता आपल्या जिल्ह्यात जिकडेतिकडे सोयाबीन. ज्वारी मागे पडली, गोफणीही अडगळीत गेल्या. तरी संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी आकाशात एखादा थवा धुरासारखा वळसे घेताना दिसतो. ह्या भोरड्या कणसं खातात तशा शेतातले नाकतोडेही फस्त करतात, ही त्यांची दुसरी बाजू मात्र शिव्या देताना कुणी आठवत नाही.

आणि आता मुख्य गोष्ट, दसऱ्याची. दसऱ्याला नीलकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. शंकराचं नाव त्याला, रामालाही लंकेवर विजय मिळण्याआधी त्याचं दर्शन झालं अशी श्रद्धा. संस्कृतात ह्याला चाष म्हणतात, आपल्याकडे काही जण तास म्हणतात. गंमत म्हणजे ह्याचा गळा निळा नसतोच, चांगला तपकिरी असतो! तारेवर बसलेला असताना तो इतका साधा दिसतो की आपलं लक्षही जाऊ नये. पण उडाला की पंखांत दोन-दोन निळे रंग असे उघडतात, जसा पैठणीचा पदर उलगडावा.

ह्याच श्रद्धेपायी देशात अनेक ठिकाणी दसऱ्याच्या आधी नीलकंठ पकडले जातात. पिंजऱ्यात घालून दारोदार फिरवायचे, दर्शन द्यायचे, दक्षिणा घ्यायची. उडू नये म्हणून त्याचे पंख छाटतात, पाय बांधतात, काही ठिकाणी पंख डिंकानं चिकटवतात. सण संपेस्तोवर कित्येक पाखरं उपासानं नि भीतीनंच मरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पकडणं गुन्हा आहे. आणि ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ ह्या २०२३ च्या अहवालात, गेल्या बारा-एक वर्षांत त्याची संख्या ३० टक्क्यांहून अधिक घटल्याचं नोंदवलं आहे. कर्नाटक, तेलंगणा आणि ओडिशा ह्या तीन राज्यांचा हा राज्यपक्षी, तरी ही दशा!

म्हणून दारात कुणी पिंजरा घेऊन आलं तर रुपयासुद्धा देऊ नका. घरात वडीलधारं माणूस दर्शनासाठी अडून बसलं तर भांडू नका, त्यांना रिक्षात बसवून गावाबाहेर न्या. सोयाबीनची कापणी झालेली असते, किडे-नाकतोडे उघड्यावर आलेले असतात, आणि ते टिपायला नीलकंठ रस्त्याकडेच्या तारेवर येऊन बसतो. रिसोड रस्त्यानं जा, मंगरुळपीर रस्त्यानं जा, सकाळी सातच्या आत निघा. सासूबाईंचं दर्शन आम्ही दर वर्षी असंच उरकतो, येताना आपट्याची पानंही घेऊन येतो. एखाद वर्षी दिसत नाही. मग त्या म्हणतात, “त्यालाही घरी सण असेल.”

वर सांगितलेला अहवाल कुणी केला माहीत आहे? सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी पाठवलेल्या ३ कोटींहून अधिक नोंदींवरून तो तयार झाला. सगळे काही शास्त्रज्ञ नव्हेत. शिक्षक, विद्यार्थी, नोकरदार, तुमच्या-आमच्यासारखेच. नोंद म्हणजे तरी काय? तारीख, जागा, वेळ, कोणता पक्षी, किती. दुधाच्या हिशेबासाठी जे कॅलेंडर भिंतीवर असतं ना, त्याच चौकोनात ‘दीड लिटर’च्या खाली ‘धोबी १’ असं मी लिहून ठेवते. ह्यांना आधी वाटलं, कपड्यांचा हिशेब असेल!

गच्चीत एखादं उथळ मातीचं परळ पाण्यानं भरून ठेवा. रोज घासा आणि पाणी बदला, नाही तर डासच व्हायचे. शिळा भात-पोळी नको, मूठभर ज्वारी किंवा बाजरी पुरे.

दिवाळीच्या सुमाराला, ५ ते १२ नोव्हेंबर, आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. २०२० पासून तो पाळतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी गेले. पक्ष्यांची मराठी नावं त्यांनी आयुष्यभर गोळा केली. मुलांना त्या आठवड्यात फराळाचं ताट देऊन गच्चीत बसवा नि एकेक नाव विचारा. तोवर थंडी पडून एकबुर्जीच्या धरणावर बदकंही उतरू लागतील, तेव्हा एखाद्या रविवारी डबा बांधून तिकडेही जाता येईल.

धोबी तेवढा फाल्गुन-चैत्रापर्यंत मुक्कामाला आहे. जाताना काही तो सांगून जात नाही, तेव्हा शेवटचा कधी दिसला तेही चौकोनात लिहायला विसरू नका.