खाऱ्या पाण्याचें मत्स्यालय आणि शिंपल्यांचा आहार

जालना जिल्ह्यांतील वाटूर हें गांव समुद्रापासून सरळ रेषेनें मोजलें तरी तीनशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. परतूर तालुक्याच्या ह्या टापूंत पाणी म्हणजे विहीर, ओढा, दुधना नदी आणि मृगाचा पाऊस. अशा ठिकाणीं एखाद्या हौशी कुटुंबानें दिवाणखान्यांत समुद्र मांडावयाचें मनांत आणलें, तर तें आज अशक्य नाहीं. लिटरभर शुद्ध पाण्यास सुमारें ३५ ग्रॅम ह्या प्रमाणांत मत्स्यालयासाठीं सिद्ध केलेलें सागरी मीठ मिसळलें कीं समुद्रासारखें पाणी तयार होतें. परंतु पाणी खारें झालें म्हणजे समुद्र झाला, असें मात्र नव्हे. खऱ्या समुद्रांत उरलेंसुरलें अन्न भरती-ओहोटी वाहून नेते आणि खेकडे, किडे व सूक्ष्म जंतू तें फस्त करतात. दोनशें लिटरांच्या टाकींत हें सारें घरकाम घरधन्याच्या माथीं येतें. त्यांतही सर्वांत नाजूक काम म्हणजे माशांस ताजें अन्न घालणें.

ह्या विद्येचा आरंभच मुळीं स्वच्छतेच्या प्रश्नांतून झाला. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा मेळ घालून टाकींतील पाणी दीर्घकाळ निर्मळ राखून दाखविलें. कुजणारीं पानें गोगलगायी खात आणि पाणी नासत नसे. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत जनतेसाठीं मत्स्यगृह उघडलें. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं सुरू झालें आणि महाराष्ट्रांतील असंख्य मुलांनीं समुद्रांतले जिवंत मासे प्रथम तेथेंच पाहिले. अशा मोठ्या संस्थांपाशीं प्रचंड टाक्या, गाळण्या आणि नोकरवर्ग असतो. घरच्या टाकींत चूक पोटांत घालण्याइतकें पाणीच नसतें.

मग कोरडें तयार खाद्य असतां शिंपल्यांचा खटाटोप कशासाठीं? ह्याचें उत्तर माशाच्या स्वभावांत आहे. समुद्रांतून धरून आणलेल्या कित्येक माशांस कोरडी पापडी हें अन्न आहे, अशी ओळखच पटत नाहीं. प्रवाळांच्या फटींत लांब चोंच घालून किडे वेंचणारा फुलपांखरू मासा समोर खाद्याचा सडा पडला असतांही उपाशी मरतो. त्याच माशापुढें नुकती उघडलेली शिंप ठेवली, तर मांसाचा वास आणि आकार ओळखून तो पुढें येतो, एक लचका घेतो आणि पुष्कळदां तेथूनच त्याचें खाणें सुरू होतें. पुढें त्याच शिंपेंत हळूहळू दुसरें खाद्य मिसळून त्यास वळण लावतां येतें. फुगणारे केंड मासे आणि ट्रिगर मासे यांची गरज निराळी आहे. त्यांचे दांत जन्मभर वाढत राहतात. कठीण कवचें फोडावयास मिळालीं नाहींत, तर ते दांत बेसुमार वाढून माशास तोंड मिटणेंही कठीण होतें. अशा माशांस कवचासह शिंपला देणें म्हणजे अन्न आणि उपचार दोन्ही होय.

सर्वच माशांस मात्र हा आहार मानवत नाहीं. सर्जन मासे हे मुख्यतः शेवाळ खाणारे; त्यांना रोज मांस घालणें हितावह नव्हे. समुद्रघोड्यास अतिसूक्ष्म कोळंबीसारखे जीव लागतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सर्व समुद्रघोड्यांस संरक्षण दिलेलें असल्यानें ते घरीं आणण्याचा विचारही करूं नये.

कोंकणच्या बाजारांत तिसऱ्या, कालवें, शिनाणे, कोळंबी आणि खेकडे असे कवचधारी जीवांचे नाना प्रकार मिळतात. त्यांतील तिसऱ्या ह्या कामास सोयीच्या. तिसरी जिवंत आहे कीं नाहीं, हें कोंकणांतील गृहिणी क्षणांत ओळखते. किंचित् उघडी शिंप बोटानें टिचकली असतां मिटली, तर आंतला स्नायू सजीव आहे. न मिटली, तर ती टाकून द्यावी. ज्या शिंपेस कुजका वास येतो, ती माणसांच्या पानांत नको आणि माशांच्या टाकींतही नको. शिंपल्यांतला जीव समुद्राचें पाणी गाळून त्यांतील कण खातो. त्यामुळें पाण्यांतील रोगजंतू आणि विषारी धातूही त्याच्या अंगीं सांचतात. म्हणून सांडपाणी मिळणाऱ्या खाडींतले शिंपले घेऊं नयेत.

आतां नासण्याचा हिशेब पाहूं. शिंपल्याच्या मांसांत सुमारें दहावा हिस्सा प्रथिन असतें आणि प्रथिनाचा सुमारें सहावा हिस्सा नत्रवायूचा असतो. म्हणजे दहा ग्रॅम मांस दगडाआड पडून कुजलें, तर त्यांतून सुमारें १६० मिलिग्रॅम नत्र सुटतें. दोनशें लिटर पाण्यांत तें पसरलें कीं लिटरमागें ०·८ मिलिग्रॅम इतकें नत्र अमोनियाच्या रूपानें येतें. निरोगी टाकींत अमोनियाचें प्रमाण शून्याजवळ असावें लागतें. शिवाय समुद्राचें पाणी अल्कधर्मी असल्यानें त्यांत अमोनिया गोड्या पाण्यापेक्षां अधिक विषारी ठरतो. टाकींत वस्ती केलेले उपकारी जंतू अमोनियाचें नायट्राइट आणि पुढें नायट्रेट करतात खरे. पण नव्या टाकींत त्यांची वसाहत वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्या मुदतींत शिंपल्यांची मेजवानी म्हणजे माशांस विष पाजणें होय. दहा ग्रॅम म्हणजे फार तर मोठ्या चमच्याभर मांस. तेवढ्यानें हा अनर्थ होतो.

दुसरा धोका डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून अधिक कपटी आहे. अनेक शिंपल्यांच्या मांसांत थायामिनेज नांवाचें एक द्रव्य असतें. तें ब-१ ह्या जीवनसत्त्वाचा नाश करतें. ह्या जीवनसत्त्वाची महती आयक्मन ह्या डच वैद्यानें जावा बेटांत १८९० नंतरच्या दशकांत केलेल्या शोधांतून जगापुढें आली. पांढरा सडीक तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडत आणि कोंड्यासह तांदूळ मिळतांच बऱ्या होत. ह्या कार्यासाठीं त्यास १९२९ सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. पुढें १९३२ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत चॅस्टेक यांच्या कोल्ह्यांच्या पैदासकेंद्रांत कच्चे मासे खाणारे कोल्हे अन्न सोडून लुळे पडूं लागले. पोटभर खाऊनही त्यांना उपासमारच घडत होती, कारण त्या कच्च्या माशांतलें द्रव्य अन्नांतील ब-१ जीवनसत्त्व खाऊन टाकीत होतें. मत्स्यालयांतही तेंच घडतें. महिनोन्महिने केवळ कच्च्या तिसऱ्यांवर ठेवलेला मासा प्रथम खाणें कमी करतो, मग तोल सांवरेनासा होऊन तिरपा पोहूं लागतो. मालकास वाटतें, पाणी बिघडलें. वस्तुतः बिघडलेला असतो आहार. थंडीनें गोठविल्यानें हें द्रव्य नष्ट होत नाहीं. उकळत्या पाण्याच्या उष्णतेनें मात्र होतें. म्हणून शिंपला हा आठवड्यांतून एकदोनदांच द्यावा, कधीं किंचित् उकडून द्यावा आणि मधल्या दिवसांत माकुल, माशाचे तुकडे, शेवाळ व चांगलें तयार खाद्य असा पालट ठेवावा.

वाटूरसारख्या गांवीं येथें एक मोह उभा राहतो. दुधनेच्या वाळूंत गोड्या पाण्याचे शिंपले सांपडतात. मग कोंकणची वाट कशास पाहावी? परंतु हा पर्याय टिकत नाहीं. गोड्या पाण्याच्या शिंपल्यांतही थायामिनेज असूं शकतें. समुद्रांतील माशांस ज्या विशिष्ट स्निग्ध द्रव्यांची गरज असते, तीं समुद्रांतील प्लवकांवर वाढलेल्या जीवांत विपुल असतात, नदीच्या शिंपल्यांत तितकीं नसतात. आणि जिवंत नदी-शिंपला खाऱ्या टाकींत सोडला, तर तो लवकरच मरून पाणी नासवितो. समुद्रकांठाहून जिवंत तिसऱ्या आणावयाच्या झाल्या, तर ओल्या गोणपाटांत, थंड जागीं आणाव्यात. वितळलेल्या बर्फाच्या गोड्या पाण्यांत त्या बुडून राहिल्या कीं मरतात. आंतल्या मुलखास खरा सोयीचा मार्ग म्हणजे ताजेपणींच काढून गोठविलेलें मांस. गोठविल्यानें पुष्कळ परजीवी मरतात, जंतू मात्र सगळेच मरत नाहींत. एकदां वितळलेलें मांस पुन्हां गोठवूं नये. मीठ-मसाला किंवा सिरका लावलेला डब्यांतला माल तर माशांच्या वाटेस जाऊंच नये.

घालण्याची रीत साधी आहे. मांस स्वच्छ पाण्यानें धुवून त्यांतला रस काढून टाकावा, कारण तो रसच पाणी गढूळ करतो. तुकडे माशाच्या तोंडांत सहज मावतील एवढेच करावेत. दोन-तीन मिनिटांत संपेल तितकेंच एका वेळीं द्यावें. अर्धी शिंप ठेवावयाची असेल, तर ती समोर, हातीं लागेल अशा जागीं ठेवावी आणि दोन तासांच्या आंत उचलून घ्यावी. रात्रभर टाकींत ठेवूं नये. उरलेले कण नळीनें ओढून काढावेत. बाष्पीभवनानें पातळी उतरली, तर साधें शुद्ध पाणी घालावें, खारें नव्हे. मीठ हवेंत उडून जात नाहीं. मराठवाड्याच्या वैशाखांत पारा चाळिशीपलीकडे जातो. तापलेल्या पाण्यांत प्राणवायू कमी मावतो आणि कुजण्याची क्रिया वेगानें होते. त्या दिवसांत खाद्य निम्म्यावर आणावें आणि वीज जाऊन पंप थांबला असेल, तेव्हां तर घालूंच नये. निरोगी मोठ्या माशाचें एक-दोन दिवसांच्या उपवासानें कांहीं बिघडत नाहीं. एका रात्रीच्या कुजण्यानें मात्र सारी टाकी जाते.

कांचेजवळ आलेला मासा भुकेला दिसतो, म्हणून हात पुन्हां खाद्याकडे जातो. घरांतील मुलांचा तर तो आनंदच असतो. त्यांना आनंद घेऊं द्यावा, पण वाटी भरून मोठ्या माणसानें द्यावी. आपल्या घरीं पाहुण्यास आग्रह करकरून वाढण्याची चाल आहे. खाऱ्या मत्स्यालयांतील पाहुणा ह्या नियमास अपवाद आहे. त्याचें ताट आणि त्याची हवा एकाच पाण्यांत असते. ताटांत उष्टें राहिलें, तर त्याला श्वास घ्यावयास दुसरी जागा नाहीं.