वाळूच्या दांड्यावरून देवबागला

सिंधुदुर्गात कालव्याच्या काठाने सायकल चालवायची हौस असेल तर दोडामार्ग गाठायला हवं. तिलारीचं पाणी तिथून कालव्याने थेट गोव्यात जातं. मालवणकरांना तेवढी पायपीट नको. त्यांच्याकडे खाडी आहे. मालवणहून तारकर्ली आणि पुढे देवबाग, दहा-बारा किलोमीटरचा रस्ता, चढ जवळजवळ नाहीच. पावलोपावली घाटी लागणाऱ्या कोकणात ही चैनच म्हणायची.

रस्ता सपाट, कारण खाली सगळी वाळू आहे. कर्ली नदी नेरूरपारच्या पुलाखालून समुद्राकडे येते, पण वाळूचा लांबलचक दांडा तिला आडवा येतो. मग ती दक्षिणेला वळते आणि देवबागच्या मोबारात समुद्राला मिळते. तिरप्या लाटा वाळू किनाऱ्यालगत सरकवत नेतात, नदीचा गाळ मुखाशी साचतो, त्यातून असे दांडे वाढतात. मालवणच्या उत्तरेला तळाशीलचा दांडाही असाच, गड नदीच्या पुढ्यात, दक्षिणेकडेच निमुळता होत गेलेला.

देवबागला जाताना उजवीकडे समुद्राची गाज, डावीकडे खाडी, मधे माड आणि घरं. दोन्हीकडे खारं पाणी असताना मधल्या विहिरीचं पाणी गोडं कसं? पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. समुद्रपातळीच्या वर ते एक मीटर असेल तर खाली साधारण चाळीस मीटर असतं. म्हणूनच उपसा बेताने करायचा. वरचं पाणी थोडं उतरलं तरी खालचं खारं बरंच वर चढतं. पंपांच्या आणि पर्यटकांच्या दिवसांत हा हिशोब कोण ठेवतो, देव जाणे.

दांडा जसा घडतो तसा तुटतोही. समुद्राच्या बाजूला रचलेले बंधाऱ्याचे काळे दगड त्यासाठीच. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने हा किनारा झोडपून काढला.

खाडी बघायची तर ओहोटीला निघावं. कांदळाची मुळं उघडी पडतात, चिखलात खेकडे पळतात, कालवं काढणाऱ्या बायका दिसतात. आज सकाळी आठला ओहोटी असेल तर उद्या पावणेनऊच्या पुढे धरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त आत येतं आणि ओहोटीला तेवढंच लांब हटतं. घरी आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुऊन साखळीला तेल द्यायचं; इथली खारी हवा लोखंडाला सोडत नाही.