शिक्क्याची रेषा, पाण्याचा रंग: रोजच्या दृश्यांतून हाताने शुभेच्छापत्र कसं तयार होतं?

दुकानातल्या शुभेच्छापत्रांवर गुलाब, फुगे आणि बर्फाचे डोंगर हमखास असतात. तारेवर बसलेले कावळे, टपरीवरचा कटिंग चहा किंवा पावसात बसस्टॉपवर दाटीने उभ्या असलेल्या छत्र्या मात्र त्यांवर क्वचितच दिसतात. अशी ओळखीची दृश्यं कार्डावर आणायची तर चित्रकला चांगली हवी, असं वाटून अनेकजण तो नाद सोडून देतात.

शिक्के आणि जलरंग एकत्र वापरले की ही अडचण बरीच कमी होते. शिक्का एकदा नीट कोरला की त्याची रेषा दर वेळी तशीच उमटते. रंग मात्र हाताने भरायचा असल्यामुळे दोन कार्डं कधीच अगदी सारखी होत नाहीत. या जोडीची एकच मोठी अट आहे: शिक्क्याची शाई पाण्याला दाद न देणारी हवी. पहिल्या प्रयत्नात बिघडलेली बरीच कार्डं नेमकी इथेच बिघडलेली असतात.

ही पद्धत आली कुठून?

छापील रेषा आणि हाताने भरलेला रंग ही जोडी जुनी आहे. पहिलं व्यावसायिक नाताळ कार्ड मानलं जातं ते 1843 साली लंडनमध्ये निघालं. हेन्री कोल यांनी ते जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून काढून घेतलं होतं. शिळाछपाईने रेषा छापून त्यात रंग हाताने भरले होते. एका कार्डाची किंमत होती एक शिलिंग.

रोजच्या वस्तूंशी याचं नातं सर्वांत ठळकपणे दिसतं ते जपानमधल्या ‘एतेगामी’ या प्रकारात. एतेगामी म्हणजे चित्रपत्र. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर काळ्या शाईने वांगं, मासा, चप्पल असं काहीही घरातलं काढायचं, पाण्यातले रंग भरायचे, बाजूला दोनचार शब्द लिहायचे आणि स्वतःचा छोटा लाल शिक्का उमटवायचा. हा शिक्का बरेचजण खोडरबरावर कोरतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुनिओ कोइके यांनी हा प्रकार लोकप्रिय केला. रेष सफाईदार असण्यापेक्षा ती मनापासून काढलेली असण्याला त्यात जास्त मोल आहे.

आपल्याकडे शाळेतल्या ठसेकामात भेंडी आडवी कापून उमटवलेलं फूल अनेकांना आठवत असेल. तत्त्व तेच, फक्त खोडरबराचा ठसा जास्त टिकतो आणि त्यावर बारकावा आणता येतो.

शाई का पसरते?

शिक्क्याच्या शाईचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एकात रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, दुसऱ्यात रंगाचे बारीक कण तेलात किंवा अन्य माध्यमात मिसळलेले असतात. कार्यालयातल्या नेहमीच्या स्टॅम्प पॅडची शाई बहुधा पहिल्या प्रकारची असते. ती कोरडी दिसली तरी ओला ब्रश लागताच पुन्हा विरघळते आणि पिवळ्या रंगात जांभळट डाग पसरतात. दुसऱ्या प्रकारातली तेलाधारित, जलरोधक शाई एकदा वाळली की हलत नाही. ती वाळायला मात्र वेळ लागतो, म्हणून छापलेली कार्डं रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी रंगवणं सुरक्षित.

पॅडवर काय लिहिलं आहे यावर विसंबण्यापेक्षा चाचणी घेणं सोपं. कार्डाच्याच कागदाच्या तुकड्यावर शिक्का मारायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि त्यावरून ओला ब्रश दोनदा फिरवायचा. पाणी स्वच्छ राहिलं तर शाई चालेल.

जलरोधक शाई मिळालीच नाही तर क्रम उलटा करता येतो. आधी रंगाचे हलके ठिपके द्यायचे, ते पूर्ण वाळू द्यायचे आणि शिक्का शेवटी मारायचा. रंग रेषेबाहेर गेलेला दिसतो, पण या प्रकारच्या कार्डांना ते शोभूनच दिसतं.

कागद कोणता घ्यावा?

साध्या छपाईच्या कागदावर पाणी पडलं की तो लाटांसारखा उठतो. कागदातले तंतू ओले झाले की फुगतात. एक भाग फुगला आणि शेजारचा कोरडाच राहिला, तर पृष्ठभाग वाकडा होतो. म्हणून जलरंगासाठी 300 जीएसएमचा जाड कागद सोयीचा. कडा चिकटपट्टीने पाटीला चिकटवून रंगवलं आणि वाळल्यावर कार्ड वह्यांखाली दाबून ठेवलं, तर उरलीसुरली वळणंही जातात.

पृष्ठभागही महत्त्वाचा आहे. खरखरीत कागदाच्या खळग्यांत शिक्का पोचत नाही आणि रेषा तुटते. त्यामुळे गुळगुळीत किंवा किंचित दाणेदार कागद बरा. महाराष्ट्रात हातकागदाची परंपरा आहे. दौलताबादजवळचं कागजीपुरा त्यासाठी ओळखलं जातं आणि पुण्यातही हातकागद बनतो. मात्र सगळाच हातकागद जलरंगाला चालतो असं नाही. पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. थेंब काही क्षण वर थांबला तर कागदाला पुरेशी खळ आहे. टिपकागदासारखा तो लगेच शोषला गेला तर रंगही तसाच आत जाईल आणि फिका पडेल.

रोजचं दृश्य शिक्क्यात कसं बसवायचं?

इथे खरी निवड करावी लागते. पाहिलेलं सगळं कोरायला गेलं तर खोडरबराचा चुरा होतो. म्हणून दृश्याचे दोन भाग पाडायचे: ज्यावरून वस्तू ओळखू येते तो भाग शिक्क्याकडे द्यायचा आणि ज्यातून वेळ, हवा, ऊन कळतं तो रंगाकडे.

कटिंग चहाचं उदाहरण घेऊ. खाली निमुळता होत गेलेला ग्लास आणि त्यावरच्या उभ्या कंगोऱ्या एवढंच कोरलं की पुरे. चहाचा तपकिरी रंग ब्रशचं काम. वाफ तर काढायचीच नाही. मागे हलका करडा रंग देऊन तेवढी जागा कोरी सोडायची, कारण जलरंगात पांढरा रंग म्हणजे मुख्यतः न रंगवलेला कागद. कावळ्यांच्या दृश्यात कावळा शिक्क्याचा, तार पेनाची आणि संध्याकाळ रंगाची.

शिक्का कोरताना काय सांभाळावं?

शिक्क्यावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं. अक्षरं असतील तर हे फार महत्त्वाचं. त्यावर सोपा उपाय आहे. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने चित्र किंवा मजकूर सुलटा काढायचा, पेन्सिलची बाजू खोडरबरावर पालथी ठेवायची आणि मागून नखाने घासायचं. रबरावर आपोआप उलटी प्रत येते आणि छाप सुलटी मिळते.

देवनागरीत शिरोरेषेचा फायदा होतो, ती अक्षरांना एकत्र धरून ठेवते. वेलांटी, मात्रा आणि उकार मात्र लहान आकारात बुजतात. अक्षराची उंची किमान एक सेंटिमीटर ठेवली तर कोरणं जमतं.

कोरणीचं पातं नेहमी रेषेपासून बाहेरच्या बाजूला कलतं धरायचं. त्यामुळे रेषेचा पाया रुंद राहतो. पातं रेषेखाली घुसलं तर ती पोकळ होऊन दाबताना वाकते किंवा तुटते. आणि दुसरा हात कधीही पात्याच्या समोर ठेवायचा नाही. वळण आलं की कोरणीऐवजी खोडरबर फिरवावा.

एका छत्रीची गर्दी कशी होते?

एकच छत्री कोरून बसस्टॉपची गर्दी उभी करता येते. सर्वांत पुढची छत्री आधी छापायची. तीच छत्री पातळ कागदावर छापून कातरून घ्यायची आणि कार्डावरच्या छत्रीवर झाकण म्हणून ठेवायची. आता तिला थोडा ओव्हरलॅप देत दुसरा शिक्का मारला आणि झाकण उचललं, की दुसरी छत्री पहिलीच्या मागे गेलेली दिसते.

लांबच्या छत्र्यांसाठी शाई लावलेला शिक्का आधी रद्दी कागदावर मारायचा आणि पुन्हा शाई न लावता कार्डावर. छाप फिकी येते, आणि फिकं ते लांबचं असं डोळा मानतो.

रंग किती आणि कसा?

सुरुवातीला एक पिवळा, एक लाल, एक निळा आणि एक तपकिरी एवढे रंग पुरतात. अल्ट्रामरीन निळ्यात भाजक्या मातीचा तपकिरी मिसळला की पावसाळी ढगांचा करडा तयार होतो. ओल्या कागदावर रंग सोडला तर तो पसरून मऊ कडा देतो, म्हणून आभाळासाठी ही रीत. कोरड्या कागदावर कड ठळक राहते, म्हणून छत्रीसाठी ती. अर्धवट वाळलेल्या रंगावर पाण्याचा थेंब पडला की फुलकोबीसारखा डाग उठतो. तो नको असेल तर एकच नियम: वाळत आलेल्या रंगाला हात लावायचा नाही.

टपालात टाकण्यापूर्वी

जलरंगातले कण कागदाला धरून ठेवतो तो डिंक, आणि डिंक वाळल्यावरही पाण्यात विरघळतो. म्हणजे शाई जलरोधक असली तरी वरचा रंग तसा नसतो. उघडं पोस्टकार्ड पावसात भिजलं तर छत्र्यांची रेषा उरेल, रंग वाहून जाईल. म्हणून ऐन पावसाळ्यात असं कार्ड पाकिटातूनच पाठवावं. राखीच्या दिवसांत टपाल खातं जलरोधक पाकिटं विकायला ठेवतं, ती यासाठीही उपयोगी पडतात. 300 जीएसएमच्या कागदाचं ए-6 आकाराचं कार्ड जेमतेम पाच ग्रॅमचं असतं, त्यामुळे पाकिटात एक चिठ्ठीही सहज मावते.

कार्ड पाठवून झालं तरी शिक्का संपत नाही. शाई पुसून, उन्हापासून दूर डब्यात ठेवला तर तीच छत्री पुढच्या पावसाळ्यातही नव्या रंगात उघडता येते.